घट्ट बुचाची बाटली

किन्हवलीच्या कोंडूची बायको गोजर कुठलीही वस्तू एकाच जागी ठेवत नसे. काडेपेटी चुलीपाशी एक, आढ्याला एक, गोठ्यात एक. एक भिजली तर दुसरी. मीठ दोन मडक्यांत, बियाणं तीन कणग्यांत. शेजारणी हसत, आणि आषाढात चूल पेटेनाशी झाली की तिच्याच दाराशी येत. गोजर काडी देई. पण देताना अशी बघे, की घेणारीला ती काडी घरी पोचेपर्यंत जड व्हावी.

कोंडूचं सगळंच उलटं. तो गेलेल्या घरी मुंडासं विसरून येई. धाकटा भाऊ धाऊ म्हणे, "दादाचं डोकं मानेला शिवलंय म्हणून बरं, नायतर वैनीला तेबी हुडकाया लागलं असतं."

साठ सालच्या दिवाळीनंतर भाताचे भारे वाहताना कोंडू खळ्यात मटकन बसला. छातीवर पाटा ठेवल्यागत दाब, डाव्या हाताला कळ, कपाळावर घाम. जरा बसल्यावर उतरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा गोजर आणि धाऊ त्याला एसटीत घालून शहापूरला घेऊन गेले.

डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि अंगठ्याएवढी तपकिरी बाटली दिली. आत बारक्या पांढऱ्या गोळ्या.

"कळ आली की हातातलं काम टाकायचं, खाली बसायचं आणि एक गोळी जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही. जीभ चुणचुणेल, डोकं ठणकेल, त्याला घाबरू नका. पाच मिनिटांत उतरलं नाही तर दुसरी, मग तिसरी. त्याच्या वर नाही. तेव्हा इकडेच आणा. आणि गोळ्या याच बाटलीत ठेवा, बूच घट्ट लावून."

"बूच कशाला वो एवढं घट्ट?" परतताना गोजरनं विचारलं.

"सांडू नये म्हनून," धाऊ म्हणाला. त्याला काही ठाऊक नसलं की तो लगेच उत्तर देई.

आठवड्याभरात पहिली गोळी लागली. जीभ चुणचुणली, दोन मिनिटांत छाती मोकळी झाली आणि डोक्यात घण पडायला लागले.

"ही कसली गोळी गो? छातीवरचा धोंडा उचलून टकुऱ्यात ठेवलान!" कोंडू कण्हत म्हणाला. "गोड हाय पन."

"गोड?" गोजरनं लगेच धागा पकडला. "तरीच. मुंग्या लागतील म्हनून बूच घट्ट." कोडं सुटल्याचं समाधान तिला दिवसभर पुरलं.

पौषात कोंडूला माळावर कळ आली तेव्हा बाटली घरच्या कोनाड्यात होती. त्याच्या बंडीला खिसा नव्हता, आणि असता तरी तो बाटली न्यायचं विसरला असता. निरोप आल्यावर गोजर अनवाणी धावली. पोचली तेव्हा कोंडूचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला होता. गोळीनं तो माणसात आला. गोजर मात्र त्या धावण्यातून परत आली नाही. आपण अर्ध्या वाटेवर आणि तो तिथं एकटा, हे तिला स्वयंपाक करताना दिसे, दळताना दिसे.

दुसऱ्या दिवशी तिनं बाटली ओतली. मऊ फडक्याचे चौकोन फाडून गोळ्यांच्या पुरचुंड्या बांधल्या. एक कोंडूच्या पानसुपारीच्या चंचीत, एक तिच्या पदराच्या गाठीत, एक गोठ्याच्या वळचणीत, एक शेतातल्या जांभळीच्या ढोलीत. मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती हळद.

"डाक्टरनं बाटलीत ठेवा म्हटलंय, वैनी," धाऊ म्हणाला.

"डाक्टरची बाटली त्याच्या टेबलावर. तुमचा दादा माळावर, बाटली कोनाड्यात. बाटलीला पाय हायेत का, भावजी?"

धाऊ बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

रिकामी बाटली मोठी देखणी होती, आणि असलं बूच तालुक्यात मिळायचं नाही. मुरबाडच्या बाजारातून आणलेला हिंग गोजरनं तिच्यात भरला. पुडीत हिंगाचा वास उडून जातो, हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं.

फाल्गुनात दोनदा कळ आली. कोंडू सांगितल्यासारखा खाली बसला, चंचीतली गोळी जिभेखाली ठेवली. थोडा वेळ गेला, पण उतरलं.

"या खेपेला डोकं नाय उठलं," तो खुशीत म्हणाला. "गोळी अंगाला मानवली गो!"

गोजरनं मारुतीला नारळ वाढवला.

चैत्रात भाताच्या रोपांच्या वाफ्यावर पाला जाळून राब भाजायचे दिवस आले. सकाळी पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन कोंडू बांध चढला आणि भाऱ्यासकट खाली आला. गोजर चार पावलांवर होती. धावावंसुद्धा लागलं नाही. तिनं त्याला बांधाला टेकवून बसवलं, पदराची गाठ दातांनी सोडली, गोळी जिभेखाली घातली.

"चुणचुणत नाय," कोंडू म्हणाला.

"बोलू नका. चुणचुणंल."

पाच मिनिटं मोजायला घड्याळ नव्हतं. ती एकापासून तीनशे मोजत राहिली. गाठीतली घामानं भिजली असेल म्हणून मग चंचीतली दुसरी. त्या गोळीला तंबाखूचा वास येत होता. मग ढोलीतली तिसरी. ती बोटांतच पीठ झाली, तेच पीठ तिनं जिभेखाली लावलं. एसटीपर्यंत न्यायला धाऊ गाडी जुंपायला पळाला होता.

"गोजरे," कोंडू म्हणाला, "मातीगत लागतंय गो."

त्यानंतर तो बोलला नाही. शहापूरला एसटी थांबली तेव्हा त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती अजून आकडे मोजत होती.

डॉक्टरांनी बघितलं आणि चादर वर ओढली. "गोळ्या दिल्या होत्या?"

"तीन दिल्या. चौथी हाय माझ्याकडं." तिनं गाठ पुढे केली.

डॉक्टरांनी ती गोळी स्वतःच्या जिभेवर ठेवली. थोड्या वेळानं थुंकून टाकली.

"बाटलीतून कधी काढल्या?"

"पौषात. पन फाल्गुनात गुण आला की!"

"तो बसल्यानं आला असेल, बाई. हे औषध उघड्यावर उडून जातं. गोळी तेवढी मागे राहते." मग तिच्या तोंडाकडे बघून घाईनं म्हणाले, "ताजी गोळी असती तरी वाचलेच असते, असं मी म्हणत नाही."

गोजरला पहिली तीन वाक्यंच ऐकू आली.

गावात मात्र तिचं नाव झालं. तेराव्याला आलेला जो तो तेच बोले: गोजरनं हयगय केली नाय, जिथं तिथं औषध ठेवलं होतं, नशिबापुढं काय करणार. धाऊसुद्धा तेच बोलला. बोलताना त्यानं वैनीकडे बघितलं नाही.

जेवणाच्या पंगतीसाठी परसात डाळीचं पातेलं उकळत होतं. धाऊची बायको पारू आत आली. "जाऊबाय, फोडनीला हिंग कुठंय?"

गोजर उठली. कोनाड्यातून बाटली काढली. बूच घट्ट बसलं होतं, दोनदा पिळावं लागलं. ते निघालं तसा वास घरभर झाला. बाजारातून आणल्या दिवशी होता तसाच उग्र, तिळभरही न सरलेला.

ओसरीवरून म्हातारी गीताबाई ओरडली, "अगो, काय घमघमतोय! पौषात आपन संगं आनलेला हिंग आन अजून असा ताजा? ठेवलास कशात गो?"

गोजर बाटलीकडे बघत उभी राहिली.

"सांग की गो! आमच्या सुनांनाबी कळूंदे."