आपोआप जोडलेलं

लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेची पहिली कमान उजळली, मग दुसरी, मग तिसरी. तिने अजून पासवर्ड टाकला नव्हता.

बिजागरी तुटल्यामुळे मान टाकणारा पडदा तिने डब्याला टेकवून उभा केला होता. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं पट्टीत होती. परवा नवऱ्याने लॅपटॉप फाडकन मिटला तेव्हा बोटं आतच होती. मग त्याने वरून गुडघा रोवला. दवाखान्यात तिने सांगितलं, दारात सापडली.

समोर तिची मोठी बहीण राउटर उलटा धरून त्याच्या पोटावरचा पासवर्ड वाचत होती.

"मोठा पी, मग सात... मेल्यांनी मुंग्यांसाठी छापलंय. टाकतेयस ना?"

"ताई, थांब."

"आता काय? वकीलबाईंना जखमांचे फोटो पाठवायचेत की पुन्हा तुझं 'बघू'?"

ती पडद्यावरचं नाव बघत होती. ते तिच्या घरच्या नेटवर्कचं होतं, आणि घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं.

नवऱ्याची एक खोड होती. आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला तो घरच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्यायचा. मग त्याचा फोन जवळ आला की तिचा लॅपटॉप कुणाला न विचारता त्यालाच जाऊन चिकटायचा. "बघ, तुझ्यापेक्षा हा शहाणा," तो म्हणायचा. ती जे काही पाठवी ते त्याच्या फोनमधून जाई.

तिन्ही कमानी भरलेल्या होत्या. म्हणजे तो रस्त्यावर नव्हता, जिन्यातही नव्हता.

"ताई, दाराला कडी लाव."

ताईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता कडी घातली, वरची साखळीही अडकवली. बेल वाजलीच नाही. पहिली लाथच बसली.

"ताई, दार उघडा. आमच्या घरातली गोष्ट आहे." आवाज शांत होता. तो आवाज शांत झाला की पुढे काय होतं, हे तिच्या पाठीला ठाऊक होतं.

दुसऱ्या लाथेला फळी तडकली, तिसरीला फुटली. फटीतून हात आत आला. लाकडाच्या कुसळांनी सोलवटलेला तो हात साखळी चाचपू लागला. ताईने टेबलावरची इस्त्री उचलली. थंड होती, पण लोखंडाची होती. तिने ती त्या मनगटावर सगळ्या अंगाने हाणली. काहीतरी कडकन मोडलं. बाहेर तो गुरासारखा ओरडला.

"जावईबापू, दाराला बेल आहे," ताई धापा टाकत म्हणाली. मग तिने कपाट ढकलत दारापाशी नेलं, त्याला पाठ लावली आणि फोन काढला.

इकडे धाकटीने पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं आणि 'हे नेटवर्क विसरा' निवडलं. नक्की का, असं यंत्राने विचारलं. तिने होकार दिला. कमानी विझल्या.

राउटर जवळ ओढून तिने ताईच्या घरचा पासवर्ड एका हाताने, एकेक अक्षर लावत टाकला. दारावर आता खांदा आदळत होता. प्रत्येक दणक्याला पडदा मान टाकी, आणि ती तो पुन्हा टेकवी. नेटवर्क जोडलं गेलं. फोटो गेले.

कपाटाला पाठ तशीच लावून ताईने हात लांबवला आणि फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून पोलीस ठाण्यातली बाई विचारत होती, काय झालंय. मागे एकदा शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं होतं, तेव्हा हिनेच दारात उभं राहून सांगितलं होतं, टीव्हीचा आवाज होता.

"ए," बाहेरून तो कण्हत म्हणाला, "सांग त्यांना, काही नाही म्हणून. नेहमीसारखं."

तिने पट्टीतली बोटं मांडीवर ठेवली.

"बोटं दारात सापडली नव्हती," ती फोनमध्ये म्हणाली. "नवऱ्याने मोडली. तक्रार लिहून घ्या."