स्थिर धरलेली टाकी

नकाशात रेल्वेच्या भरावावरचे सगळे ठिपके हिरवे. हिरवं म्हणजे स्थिर.

स्टेशनातल्या पाण्याच्या टाकीला नवा रंग दिलाय. तिच्या पाइपचा जोड मात्र गळतो. प्लंबर येतो, नट आवळतो, जातो.

वहिनी आज सकाळची गाडी चालवतेय. डबा घरीच विसरली.

भरावापलीकडे, खडकावरची घरं निळी. निळं म्हणजे वर येणारं.

घरं वर येत नसतात.

उपग्रहाच्या रडारचा नकाशा तसाच उघडा ठेवून बहिणीने स्टेशनातल्या भावाला फोन लावला. त्या मार्गाचे रूळ त्याच्या ताब्यात.

"दादा, वहिनीची गाडी थांबव. भराव खचतोय."

"काल तर सगळं हिरवं म्हणालीस."

"आजही हिरवंच आहे."

"गेल्या वेळी लाल ठिपके, जमीन खचतेय म्हणून गाडी अडवलीस. निघाले काय, तर वाऱ्याने हललेले पत्रे. साहेबांनी माझी बिनपाण्याने केली. आता हिरव्यालाही थांबवू?"

"रडारला एक जागा स्थिर धरून द्यावी लागते. बाकी सगळं तिच्या तुलनेत मोजतात. आपण टाकी धरली."

"मीच सुचवली. डोंगरासारखी आहे."

"ती बुडतेय, दादा. भराव तिच्याबरोबर बुडतोय, म्हणून हिरवा. खडक जागच्या जागी आहे, म्हणून तो वर येताना दिसतोय."

"नुसत्या नकाशावरून?"

"टाकीचा पाइप बघ. खिडकीतून दिसतो ना?"

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग खिडकी उघडल्याचा.

"जोड नुसता गळत नाहीये," दादा म्हणाला. "टाकी खाली गेल्याने पाइप ताणला जाऊन निघालाय."

"गाडी?"

"सुटली."

त्याने फोन टेबलावर टाकला. चालूच राहिला. तिला वायरलेसची खरखर ऐकू आली, मग दादाचं ओरडणं: थांब. थांब. आहेस तिथे थांब.

खरखर.

खरखर.

"थांबले," वहिनीचा आवाज. "भराव समोर दिसतोय. कुणी अडवलं मला?"

"तुझ्या नणंदेने."

"वाटलंच. वाट अडवायला नणंदच लागते."

कुणी हसलं नाही. दादा चालत भरावावर गेला. खडक संपून माती सुरू होते तिथे वाकला आणि रुळाखालच्या आडव्या स्लीपरखाली हात घातला. खडी लागली नाही. हात कोपरापर्यंत आत गेला.

टाकी आणि भराव एकाच बुजवलेल्या तळ्यावर बांधले होते.