जाम झालोय म्हणे!

मी डबल स्टँड बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय, जरा खाली वाका! मोटरसायकलच्या पोटाखाली दोन पाय फाकवून उभा आहे, तो मीच. शेजारची ती काडी म्हणजे साइड स्टँड. तिच्यावर गाडी नुसती रेलते; उभी राहते ती माझ्यावर.

जाड नळीला बाक देऊन, वेल्डिंगचे चटके सोसून मी जन्मलो आणि या दांडग्या गाडीच्या पदरात पडलो. मालक बसचे ड्रायव्हर. कामावरून आले की गाडी घराशेजारच्या बोळात घ्यायची, मला पायाने खाली दाबायचं आणि मागची दांडी धरून एक हिसका. खट्! गाडी माझ्या खांद्यावर. शेजारी बघत असले तर मालक शीळही घालत. तेवढी हौस होतीच.

ते रिटायर झाले आणि काही दिवसांनी हे थांबलं. गाडी साइड स्टँडवर, अर्धा बोळ अडवून कललेली. मालकीणबाई घरी शिवणकाम करतात. त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांना अंग चोरून आत जावं लागे.

"अहो, सरळ उभी करा ना तिला."

"स्टँड जाम झालाय," मालक म्हणाले.

मी? जाम? नाचता येईना अंगण वाकडं! गुपचूप हिसका मारून बघितल्यावर कंबर धरून पायरीवर बसलेलं मी पाहिलं होतं त्यांना. पण माझं ऐकतो कोण?

शेवटी मेकॅनिक आला. "कापून टाक रे त्याला. नुसती अडगळ," मालक म्हणाले. माझी तर स्प्रिंगच ढिली पडली. मेकॅनिकने कटर बाहेर काढलं, पण आधी सवयीने मला पायाने ढकललं. मी झटकन खाली आलो, सोडताच टुणकन वर.

"काका, हा तर चांगला मोकळा आहे!"

मालक भिंतीकडे बघू लागले. मालकीणबाई पायमशीन थांबवून दारात आल्या होत्या.

"कंबर ना?" त्यांनी हळूच विचारलं. मालकांनी मान हलवली.

"सांगायला काय झालं होतं? सरका, मी लावते."

"तुला नाही उचलायची ती."

"काकू, उचलायची नाहीच," मेकॅनिक म्हणाला. "स्टँडचे दोन्ही पाय टेकवा आणि सगळं वजन टाकून त्याच्यावर उभ्या राहा."

"म्हणजे पायाचंच काम. जन्म गेला माझा त्यात!"

पहिल्यांदा माझा एकच पाय टेकला. गाडी डगमगली, मालकांनी धावत येऊन हँडल धरलं. त्यांनी ते सोडलं नाही. दुसऱ्यांदा बाई माझ्यावर चढून उभ्या राहिल्या आणि खट्! इतकं हायसं मला कधीच वाटलं नव्हतं. कटर पिशवीत परत गेलं.

आता रोज ते हँडल धरतात, त्या माझ्यावर उभ्या राहतात. तुमच्याही घरी एखादा स्टँड असा अचानक जाम झाला, तर कटरवाल्याला बोलावण्याआधी घरातल्या माणसाला जरा मायेने विचारा. एवढंच मागणं आहे.

परवा शेजाऱ्याने मालकांना विचारलं, "सुटला वाटतं स्टँड?"

मालकांनी वाकून माझ्यावरची धूळ पुसली. "तो बिचारा जाम नव्हताच हो. मीच झालो होतो."