खाली जागा

संभाजीरावांच्या खापरपणजोबांबद्दल असं सांगतात, की ग्वाल्हेर किल्ल्याच्या दरवाजावर पहाऱ्याला बसले की ते जमिनीला कान लावायचे आणि चंबळेपलीकडे घोड्याने खूर आपटला तर घोडा कुठल्या रंगाचा ते सांगायचे. एकदाच म्हणे रंग चुकला. चौकशी केली तर कळलं, घोडा वाटेत चिखलात लोळला होता.

अशा घराण्यातले आपले संभाजीराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन तिघरा रोडच्या शेतावर घर बांधून राहिलेले. त्या दिवशी ते टीव्हीसमोर बसले होते आणि त्यांची मुलगी गरिमा फाटकाशी हॉर्न वाजवून वाजवून कंटाळली. शेवटी तिनेच फाटक उघडलं, गाडी आत घेतली, स्वयंपाकघरात जाऊन चहा केला आणि कप त्यांच्या हातात दिला. टीव्हीवरची नजर न काढता चहा संपवून संभाजीराव म्हणाले, "सुमन, आज साखर कमी पडली गं."

"आबा, आई मळ्यात आहे. मी गरिमा."

मग मात्र ती कडाडली. हायकोर्टात वकिली करते, कडाडायचा सराव आहे. "उद्या चोर येऊन तुम्हाला खाटेसकट उचलून नेईल आणि तुम्ही म्हणाल, वारा छान लागतोय! आता बस्स हो गया. दोघांनी शहरात, हरिशंकरपुरमला यायचं, माझ्या फ्लॅटच्या वरचाच फ्लॅट खाली आहे."

"घरात मराठी बोल," संभाजीराव म्हणाले. कान गेले तरी हे त्यांना बरोबर ऐकू यायचं.

तेवढ्यात सुमनताई मेथीची जुडी घेऊन आल्या. फ्लॅटचं ऐकून दारातच थांबल्या. बाहेर मोहरी फुलून पिवळीधमक झालेली, आणि तिथे तिसरा मजला, समोर दुसऱ्याची गॅलरी. त्यांचा चेहरा पाहून वकीलबाई जरा मऊ झाल्या.

"ठीक आहे. वाटेवर अलार्म लावा. या महिन्यात मी कधीतरी न सांगता येईन. मी घरापर्यंत पोचायच्या आत तुम्हाला कळलं, तर फ्लॅटचा विषय बंद. नाही कळलं, तर सामान बांधायचं."

दुसऱ्याच दिवशी संभाजीराव इंदरगंजच्या एका दुकानात हजर. दुकानदाराने आधी चुंबकवाला अलार्म काढला. "दाऊसाहब, ज़मीन में गाड़ दो. कार, ट्रैक्टर, लोहा आया कि बजा."

"और पैदल आदमी?"

"वो निकल जाएगा."

"हमारे चोर पैदल ही आते हैं," संभाजीराव म्हणाले, जणू चोर घरचेच.

मग रबराची नळी आली. वाटेवर आडवी टाकायची, चाकाखाली दबली की घंटी. ती तर खारींनी एका दिवसात कुरतडली असती. शेवटी दुकानदाराने दोन डब्या मांडल्या. एक फाटकाच्या या खांबाला, दुसरी त्या खांबाला. मध्ये डोळ्यांना न दिसणारी दोरी समजा. जो दोरी कापेल, त्याची वर्दी घरातल्या डब्याला. डबा वाजणार आणि लाल-लाल चमकणारही. चमकणार म्हटल्यावर संभाजीराव खूश झाले. कानांनी दगा दिला तरी डोळे शाबूत होते.

"दो जोड़ी ले लो, दाऊसाहब. दोनों की धुन अलग."

"एक बहुत है. हम पहरेदार खानदान से हैं."

डब्या लावायच्या वेळी सुमनताईंनी गरिमाला फोन लावला. ती कोर्टाच्या घाईत. मोठ्याने ओरडून म्हणाली, "आबा, डब्या खाली जागेत लावा हं! झाडाबिडांत नको!"

"पोरीला अक्कल आहे," संभाजीराव म्हणाले, आणि खांबाशी मांडी घालून बसले. त्यांनी डब्या नडगीच्या उंचीवर ठोकल्या.

"अहो, इतक्या खाली?"

"तीच म्हणाली ना? झाडावर नको, खाली."

त्या दिवसापासून घरात जी दिवाळी सुरू झाली! मुंगूस गेलं, घंटी वाजली. मांजर गेलं, वाजली. तितरांचं बिऱ्हाड गेलं, तर एकेका पिलागणिक वाजली. एक मोर दोरीत पिसारा टेकवून उभा राहिला, तेव्हा अर्धी दुपार घर लाल चमकत होतं. रस्त्यावरच्या दोन जीप तिथे लग्न आहे समजून आत वळल्या.

पण सगळ्यांवर ताण केली ती शेजारच्या जयसिंहरावांच्या भूरी नावाच्या म्हशीने. एकदा ती वाजवून आत आली, तेव्हा सुमनताईंनी दया येऊन तिला गूळपोळी घातली. म्हैस हुशार. घंटी आणि पोळी यांचा संबंध तिच्या लक्षात आला. मग रोज सकाळी यायची, पुढचा पाय दोरीत धरायची आणि वाट बघत उभी. पोळी गार असली तर दुसऱ्या पायाने वाजवायची.

आठवड्यात संभाजीराव मेटाकुटीला आले. घंटी वाजली तरी उठावंसं वाटेना. "परत करू या हे. गरिमा येईल तेव्हा मी म्हैसच समजून बसून राहीन."

सुमनताईंनी लाटणं खाली ठेवलं. "मला नाही जायचं तिसऱ्या मजल्यावर. वाजली की उठायचं. म्हैस असो की मंत्री."

तेव्हापासून ते दर वेळी उठू लागले. मुंगसाला नमस्कार करून परत यायचे, पण उठायचे.

आणि एका सकाळी, धुकं वर जात असताना, गरिमा आली. गाडी तिने मोठ्या रस्त्यावरच ठेवली. फाटकाशी येऊन विचार केला: शहाण्या माणसाने डब्या कमरेएवढ्या उंचीवर लावल्या असणार. मग काय, साडीचा पदर खोचला, एका हातात तीळगुळाच्या गजकचा डबा धरला आणि ग्वाल्हेर हायकोर्टाची वकील गुडघ्यांवर रांगत आत शिरली.

घरात अलार्मचा डबा लाल झाला.

"आलो गं बाई, आलो," म्हणत संभाजीराव पोळी घेऊन निघाले. वळणावर पाहतात तर धुळीत त्यांची लेक, चारी पायांवर.

"काय गं? आज अशी?"

गरिमा दचकून उभी राहिली. "आबा! कळलं तुम्हाला?"

"वाजली की."

"आणि ही पोळी?"

"तुझ्यासाठी. उपाशी आली असशील."

तेवढ्यात मागून सुमनताईंची हाक आली, "अहो, भूरीला अजून एक द्या, काल रुसून गेलीय!" पाठोपाठ त्या स्वतः आल्या आणि लेकीला बघून पदराआड हसू लागल्या.

"म्हणजे मी म्हैस?" गरिमा म्हणाली. "आणि मी तर दोरीखालून आले. डब्या लावल्यात कुठे?"

संभाजीरावांनी दाखवल्या. "तूच म्हणालीस, खाली जागेत लावा."

"आबा, खाली म्हणजे... खाली हो! जिथे काही नाही ती जागा! मध्ये फांदी यायला नको म्हणून!"

"मग रिकामी म्हण. या घरात खाली म्हणजे खालीच."

गरिमाने कपाळाला हात लावला. पण संभाजीराव आज रंगात होते. "वकीलसाहेब, तू घरी पोचायच्या आत कळायला हवं, एवढीच अट होती. म्हैस समजून कळलं की मुलगी समजून, ते अटीत नव्हतं. आणि तुला वाटलं तशा कमरेएवढ्या लावल्या असत्या, तर तू आत्ता माझ्या उशाशी असतीस."

गरिमाने त्या डब्यांकडे पाहिलं, मग धापा टाकत फाटकापर्यंत आलेल्या दोघांकडे पाहिलं. दोघंही आले होते. चष्मा, काठी काही न घेता, पण आले होते. तिला हसू आवरेना. "हरले. फ्लॅटचा विषय बंद. पण आणखी एक जोडी आणायची, म्हशीच्या पाठीहून उंच लावायची. मी घेऊन येते."

"दुकानदार म्हणाला होता, धुन वेगळी असते," संभाजीराव म्हणाले.

"मराठी, आबा."

मागे कुरुम-कुरुम आवाज झाला. रांगताना हातातून सुटलेला गजकचा डबा फाटकाशीच राहिला होता आणि भूरी आता झाकण चाटत होती.

दुसरी जोडी त्याच आठवड्यात लागली. आता दोन्ही वाजल्या तर माणूस आला समजायचं. आणि नुसती खालची वाजली तर म्हैस, नाहीतर वकील.