दाराआडची नाचणी

मी थर्माकोलचा खोका बोलतोय. वटार गावातल्या एका बंद घरातून बोलतोय, म्हणून आवाज जरा चढवलाय.

माझा जन्म वालीवच्या एका कारखान्यातला. बारीक दाणे वाफेवर फुगवून आम्हाला घडवतात. त्यामुळे माझं बोलणंही थोडं फुगलेलं असतं, सांभाळून घ्या. तरुणपणी मी अर्नाळ्याच्या बंदरावर मासळी वाहायचो. एकदा माझ्यात अशी सुरमई भरली होती, की तिचं डोकं बाजारात पोचलं तरी शेपूट बंदरावर बर्फाची वाट बघत होतं! पुढे माझा कोपरा फुटला आणि मर्सीने मला कोळणीकडून मागून घरी आणलं. मासळीचा वास जाईपर्यंत मी अंगणात उलटा पडून होतो. मांजरांनी मला जीव लावला तो तेवढाच.

मर्सीने माझ्यात माती भरली. थंडी पडली की तिचा नवरा प्लासिड वाडीत केळीची सुकी पानं काढायचा, उन्हात सुकेळी, म्हणजे वाळत घातलेली केळी, उलटायचा. आणि मर्सी मला दाराआडच्या कोपऱ्यात ठेवून नाचणी पेरायची. नाताळात बाळ येशूच्या गोठ्यापुढे हिरवं शेत नको? ती हाताने पाणी शिंपडायची आणि दम द्यायची, "उगवतेस, की उंदरांना बोलवू?" घाबरून नाचणी रातोरात वीतभर वाढायची. बरं, चार बोटं म्हणा.

ह्या पावसाळ्यात मर्सी गेली.

डिसेंबर लागला तशी लेक ज्युलिएट फुलपाड्याहून आली. "पप्पा, घर बंद कर आणि माझ्याकडे चल. इथे एकटा काय करणार तू?"

"गोठा मांडणार. शेतासकट. जमलं तर इथेच राहीन. नाही जमलं तर नाताळच्या सकाळी तुझ्या गाडीत बसतो."

"नक्की?"

"शब्द दिला."

मग आमच्या प्लासिडने जन्मात पहिल्यांदा मर्सीचे डबे उघडले. चुलीमागे नाचणी सापडली, ती पेरली. रोज माझ्याजवळ स्टूल ओढून बसायचा, पाणी घालायचा, वाडीतल्या गोष्टी सांगायचा. बोलता बोलता थांबायचा आणि पुन्हा पाणी घालायचा. इतकं, की मला परत होडीत बसल्यासारखं वाटू लागलं.

कोंब काही येईना. शेवटी शेजारची मनोरमा डोकावली.

"प्लासिडभाऊ, केवढं हे पानी! नाचनी पेरलीस की पापलेटं सोडलीस?" तिने माती उकरली, एक दाणा दाताखाली धरला आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! चुलीमागच्या डब्यातली काय ही? मर्सीच्या आजारपणात पेजेसाठी मीच भाजून दिलेली. भाजलेली उगवते कधी? एवढी वर्सं वाडी केलीस ना रे तू?"

दोघं पोट धरून हसली. मग मनोरमाने तो दाणा परत मातीत ठेवला. ती पेज मर्सीच्या पोटात गेलीच नव्हती.

संध्याकाळी मनोरमाने चांगलं बी आणून दिलं. प्लासिडने ते पेरलं. पण नाताळ आला होता दारात.

नाताळच्या सकाळी गोठा मांडलेला होता. बाळ होतं, मेंढरं होती. पुढे मी, नुसती काळी माती. ज्युलिएटने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "पप्पा, अजून दोन दिवस बघायचं का?"

"शब्द दिलाय गो," प्लासिड म्हणाला. कुलूप घालून त्याने किल्ली खिशात टाकली. गाडीचा आवाज गेला, तसा घरातला सगळा आवाज गेला.

आणि आज माती फुटली. कोंब पिवळे आहेत, नखाएवढे, आणि सगळे दाराखालच्या उजेडाच्या पट्टीकडे वाकलेत. कोणाला सांगू? मेंढरं मातीची, त्यांना काय त्याचं!

सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत गोठा मोडत नाहीत. वेळ आहे. पण माती वरून सुकू लागलीय आणि माझे हात नाहीत. तुम्ही ह्या वाटेने जात असाल, तर कुंपणावरून मनोरमाला हाक मारा. तिच्याकडे प्लासिडचा नंबर आहे. एवढंच कळवा म्हणावं: उगवलीय, पाणी घालायला ये.