एका पोतीच्या दोन रेघा

मित्रांनो, काळ्या रंगाला नाक मुरडू नका. मी काळाकुळकुळीत आहे म्हणूनच सोन्याची बारीकशी रेघही माझ्या अंगावर लख्ख दिसते. मी कसोटीचा दगड. औरंगपुऱ्यातल्या मोतीराम सोनारांच्या दुकानात माझा जन्म गेला.

मोतीरामांच्या वडिलांनी मला घासूनपुसून गुळगुळीत केलं. दागिना माझ्यावर घासायचा, रेघेवर तेजाबाचा, म्हणजे तीव्र आम्लाचा, थेंब सोडायचा. रेघ टिकली तर सोनं चांगलं, विरली तर त्यात खोट. माझा निकाल लोक निमूट ऐकायचे.

एकदा मोतीरामांची नात अपेक्षा शाळेतून नवीनच माहिती घेऊन आली. इंग्रजीतला ‘टेस्ट’ हा शब्द म्हणे लॅटिनमधल्या मातीच्या भांड्याच्या नावावरून आला. तसल्या भांड्यात धातू तापवून सोन्याचांदीचा कस पाहत. आधी ते भांड्याचं नाव होतं, मग त्या पारखीचं झालं आणि पुढे शाळेतली पोरंही त्या ‘टेस्ट’च्या तावडीत सापडली. माझी छाती फुगली. तिकडे एका मडक्यानं नाव काढलं, इकडे मराठीत कसोटी म्हणजे साक्षात मी!

पुढे मोतीरामांच्या मुलानं, अभयनं, सोनं तपासायचं यंत्र आणलं. माझ्या वाट्याला वर्तमानपत्र उडू नये म्हणून त्यावर बसण्याचं काम आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी फुलंब्रीच्या पारूबाई आणि त्यांची नणंद सारजाबाई दुकानात आल्या. सारजाबाई वाळूजला भाड्याच्या खोलीत राहायच्या, म्हणून आपली सोन्याच्या मण्यांची पोत त्यांनी दोन वर्षं वहिनीकडे ठेवली होती. परत घेऊन तपासली तर सोनं हलकं निघालं. वहिनीनं पोत बदलली, असं त्या साऱ्या भावकीत सांगून मोकळ्या झाल्या. पोत याच दुकानात घडलेली, म्हणून खरंखोटं करायला पारूबाईच त्यांना घेऊन आल्या होत्या.

अभयनं पोतीची चपटी कडी यंत्राखाली धरली. सोनं कमीच आलं.

मोतीरामांनी मला उचललं, पुसलं आणि आधी तीच कडी घासली. तेजाब पडताच रेघ विरली. मग त्यांनी शेजारी एक मणी घासला. थेंब पडला, पण रेघ जागची हलली नाही. मणी अस्सल, घडणही याच दुकानातली, म्हणजे पोत तीच होती; फक्त कडी हलक्या धातूची झाळ देऊन सांधलेली होती. कडी कुणी जोडली, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

सारजाबाईंचा चेहरा उतरला. “जत्रंत तुटली व्हती. मीच जोडून घेतली, वैनीकडं द्यायच्या आधी.”

पारूबाई म्हणाल्या, “सारजा, मला एकदा इचारलं असतं तर मी तवाच तुला हितं आणलं असतं. आता भावकीत जाऊन हे बी सांग.”

“सांगते. घरोघर जाऊन सांगते.” सारजाबाईंनी वहिनीचा हात धरला.

यंत्रही खोटं बोललं नव्हतं. त्याला दाखवली तेवढीच जागा त्यानं पाहिली. त्या दिवसापासून अभय दागिना दोन-तीन जागी तपासतो आणि अडलं की मला हाक मारतो. मला याचा फार अभिमान वाटतो.

मित्रांनो, मला वापरण्याआधी पुसावं लागतं, नाहीतर जुनी रेघ नव्या रेघेत मिसळते. कुणा माणसाची पारख करायची वेळ आली, तर तुम्हीही आधी मन पुसून घ्या. आणि त्याची नुसती कडी घासून निकाल देऊ नका.