पाच मिनिटं

वर्तमानपत्राची घडी स्वेटरच्या आत छातीशी सरकवून संयोगितानं वरून नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवला. कानांवर स्कार्फ करकचून बांधला. हातांचं काय करावं, हे मात्र कळेना. शेवटी तिनं लोकरी पायमोजेच हातांत घातले आणि वारं लागू नये म्हणून त्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या रबरानं बांधल्या.

"आई, हातमोजं घे की एकदा," वर्षाराणी अंथरुणातनं म्हणाली.

"हे बी चालतंय. झोप तू."

अकरा वर्षं संयोगिता सायकलवरून घरोघरी जाऊन लॅबसाठी उपाशीपोटीचं रक्त घेत होती. गेल्या आठवड्यात गारठलेल्या बोटांना शीर सापडली नाही. श्रीपालकाकांना दोनदा टोचावं लागलं, त्यांचा हात काळानिळा झाला. त्यांच्या मुलानं लॅबकडं तक्रार केली. "परत असं झालं तर काउंटरला बसा," लॅबचे डॉक्टर म्हणाले. काउंटरचा पगार निम्मा. आणि आज पहिलं घर पुन्हा श्रीपालकाकांचंच.

रंकाळ्याच्या कडेला वारं अंगावर आलं. छाती उबदार होती, पण ब्रेकवरून प्लास्टिक घसरत होतं. एक हात काखेत, एक हँडलवर, असं आलटून पालटून करत ती शुक्रवार पेठेत पोचली.

काका बाही वर करून, तोंड फिरवून बसले होते. पिशव्या आणि मोजे काढून तिनं त्यांचा हात चाचपला. बोटांना काहीच लागेना. तिनं सुई उचलली, परत ठेवली.

"काका, हात लई गारठल्यात. पाच मिनिटं थांबता काय?"

पेशंटला असं ती कधीच म्हणाली नव्हती.

"थांबतो की! टोचून घ्यायची घाई न्हाई मला."

पद्मावतीकाकींनी बंबातलं गरम पाणी बादलीत काढून दिलं. बोटांना मुंग्या आल्या, मग आग झाली. बाहेरच्या खोलीत तिचा फोन वाजून थांबला. हात पुसून ती आली, शीर चाचपली, सुई आत गेली. रक्त नळीत चढलं.

"झालं?" काकांनी डोळे उघडले.

फोन पुन्हा वाजला. तिनं आधी कापूस दाबून धरला, मग उचलला.

"कुठं आहात तुम्ही? पुढचं पेशंट खोळंबलंय," डॉक्टर तडकले.

"श्रीपालकाकांकडं. एकदाच टोचलं. पण सर, थंडी हाय तवर दर घरी पाच मिनिटं जास्त लागतील. एक घर कमी करा."



"बघतो."

फोन बंद झाला. काय बघणार, कोण जाणे. तिनं पेन काढलं आणि नळीवरच्या पट्टीवर काकांचं नाव लिहिलं. अक्षर सरळ आलं.